बसून राहणारी यंत्रे : अकोट परिसरातील इंजिनांचा आणि त्यांच्या दुरुस्तीचा इतिहास

अकोल्याच्या उत्तरेला सुमारे ४५ किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अकोट शहराचा यांत्रिक इतिहास हा मुख्यतः कापसाचा आणि विहिरीच्या पाण्याचा इतिहास आहे, आणि या दोन्ही गोष्टी ऋतूंना बांधलेल्या असल्यामुळे तेथे आलेले जवळजवळ प्रत्येक यंत्र वर्षातील काही महिने राबले आणि उरलेले महिने जागेवर उभे राहिले. यंत्र झिजून बंद पडणे आणि यंत्र बसून राहिल्यामुळे चालू न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत भाग बदलावा लागतो. दुसरीत बहुधा सर्व भाग शाबूत असतात, परंतु कोठे गंज, कोठे राळेसारखा थर, कोठे हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, आणि तो शोधून काढणे हेच दुरुस्तीचे खरे काम ठरते. वऱ्हाडातील मिस्त्री आणि फिटर यांचे कसब प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारच्या बिघाडावर घडले, आणि आज शाळेच्या मैदानावर किंवा मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर दोरी ओढून ओढून हात दुखले तरी चालू न होणारे गवत कापायचे यंत्र हे त्याच परंपरेतील अगदी अलीकडचे प्रकरण आहे.

या परंपरेचा आरंभ कापसाच्या जिनात झाला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला; १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची गरज भासू लागली; आणि भुसावळहून अकोला, बडनेरामार्गे जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये खामगावला आणि त्यानंतर लगेच अमरावतीला फाटे निघाले. अकोट मात्र पूर्णा नदीच्या उत्तरेला, या मार्गापासून दूर राहिले, आणि स्वातंत्र्यानंतर अकोला-खंडवा हा मीटरगेज मार्ग होईपर्यंत तेथील कापसाला बैलगाड्यांनी पूर्णा ओलांडूनच रेल्वे गाठावी लागे. सरकीसह कापूस एवढ्या अंतरावर वाहून नेण्यापेक्षा सरकी वेगळी काढून, रुई दाबून, तिच्या गाठी करून नेणे किती तरी स्वस्त पडत असे, आणि म्हणून विसाव्या शतकाच्या प्रारंभी अकोटमध्ये जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने उभे असलेले दिसतात. वऱ्हाडातील कापसाच्या बाजारांना १८९७ च्या कायद्याने नियमांची चौकट मिळाली, ही हिंदुस्थानातील बाजारनियमनाची पहिली कायदेशीर पायरी मानली जाते. बाजाराचे नियम शिस्तीत येत असताना यंत्रांची शिस्त मात्र कारखान्यातल्या कारखान्यात, लेखी स्वरूपात न येता, हळूहळू घडत होती.

जिन म्हणजे सरकीपासून रुई सोडवणारे यंत्र. वऱ्हाडात रूढ झालेल्या प्रकारात कातडे चढवलेला एक रूळ तंतूंना ओढतो, त्याला खेटून बसवलेले स्थिर पाते सरकी अडवते आणि खालीवर हलणारे दुसरे पाते ती सरकी झटकून टाकते. १८४० मध्ये अमेरिकेतील मॅकार्थी याने पेटंट घेतलेली ही रचना सुधारून ओल्डहॅमच्या कारखान्यांनी जगभर पाठवली. अशा अनेक जिनांना एका लांब दांड्यावरून पट्ट्यांनी गती मिळे आणि तो दांडा वाफेच्या इंजिनाने फिरे. दिवाळीच्या सुमारास कापूस बाजारात येऊ लागला की कारखाना सुरू होई आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थंडावे. पावसाळाभर बंद राहिलेल्या कारखान्यात दमट हवेने नळ्यांना गंज चढे, रुळांवरचे कातडे आधी फुगून मग आखडे, पट्टे सैल पडत, आणि बॉयलरमध्ये राहिलेल्या पाण्यातील क्षारांचा थर आतून घट्ट बसे. हा थर उष्णता अडवतो आणि त्यामुळे नळीचा पत्रा अवाजवी तापून कमकुवत होतो, म्हणून हंगामाआधी बॉयलर उघडून तो खरवडून काढणे हे केवळ कार्यक्षमतेचे नव्हे तर जिवाचे काम होते.

वाफेच्या इंजिनाचा आणखी एक धडा पुढच्या सर्व यंत्रांना लागू पडला. थंड सिलिंडरमध्ये एकदम वाफ सोडली तर तिचे पाणी होते, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे पुढे सरकणारा दट्ट्या त्यावर आदळून सिलिंडरचे झाकण फोडू शकतो; म्हणून आधी तळाचे कॉक उघडून पाणी काढायचे, थोडी वाफ सोडून धातू तापू द्यायचा, चाक हाताने एक फेरा फिरवून काही अडकले नाही ना ते पाहायचे, आणि मगच पूर्ण वाफ द्यायची, असा क्रम पाळला जाई. न चालणाऱ्या यंत्रावर आधी जोर लावायचा नाही, त्याला हाताने फिरवून पाहायचे, हा नियम येथून आला असे मानण्यास जागा आहे, कारण पुढे तेलाच्या इंजिनांच्या दुरुस्तीतही पहिली पायरी हीच राहिली.

तेलाचे इंजिन अकोट भागात स्थिरावण्यामागे भूगोलाचे कारण होते. या तालुक्याचे पाण्याच्या दृष्टीने दोन भाग पडतात. पूर्णेच्या खोऱ्याकडील दक्षिण भाग खारपाणपट्ट्यात येतो, जेथील भूजल इतके खारट आहे की ते पिण्यास आणि बहुतेक पिकांस निरुपयोगी ठरते; तेथे विहिरीवर कितीही चांगले इंजिन बसवले तरी शेताचा लाभ नव्हता, आणि शेती पावसाच्या कापसावर, ज्वारीवर व ओलाव्यावरच्या हरभऱ्यावर राहिली. उत्तरेचा, सातपुड्याला लागून असलेला पट्टा मात्र गोड्या पाण्याचा आहे, आणि तेथे संत्र्याच्या व केळीच्या बागा, विड्याच्या पानांचे मळे आणि औषधी पानपिंपरीची लागवड टिकून आहे. पानमळ्याला आणि पानपिंपरीला सावली आणि सततचा ओलावा लागतो. काही दिवसांची हयगयही वेल सहन करत नाही. हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या मोटेने निघत असे. चामड्याची मोट विहिरीत सोडायची, बैलांनी उताराच्या धावेवरून नाडा ओढायचा, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची, आणि बैलांनी पुन्हा मागे सरायचे. मोटेला चारा, माणूस आणि बैलजोडी रोज लागत असे. इंजिनाला तेल लागते, पण ते ज्या दिवशी चालणार नाही त्या दिवशी पर्याय काहीच नसतो. म्हणून मळेकऱ्यासाठी चालू न होणारे इंजिन हा तासांचा प्रश्न होता, आणि त्याच घाईने गावोगावी इंजिन जाणणारे हात तयार झाले.

महाराष्ट्रातील उद्योगांनी ही गरज पुरवली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२६ च्या सुमारास पंप करण्यास आरंभ केला होता. १९२२ मध्ये सुरू झालेल्या साताऱ्याच्या कूपर कारखान्याची इंजिने शेतकऱ्यांच्या ओळखीची झाली. १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांनी पुण्याजवळ खडकी येथे तेलाच्या इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. आणि त्यानंतर चिंचवडला रस्टनची इंजिने तयार होऊ लागली. पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, जड चाकाचे डिझेल इंजिन विहिरीच्या काठावर, पिठाच्या चक्कीत आणि यात्रेतल्या तंबूच्या सिनेमामागे दिसू लागले. ज्यांनी ते पाहिले त्यांना त्याचा एका लयीतील ठोका पुष्कळ दुरून ओळखू येत असे, आणि त्या लयीत पडलेला खंड ऐकूनच मिस्त्री दोषाचा अंदाज करत.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत बारीक छिद्रातून फवारलेले तेल आपोआप पेटते. त्यामुळे इंजिन न लागण्याची कारणे दोनच घराण्यांतली असतात: तेल योग्य तऱ्हेने आत येत नाही, किंवा हवा पुरेशी दाबली जात नाही. हँडल मारण्यापूर्वी एक खटका वर करून झडप उघडी ठेवतात, म्हणजे चाक हलके फिरते. वेग आला की खटका पाडतात आणि दाब तयार होऊन पहिला स्फोट होतो. खटका पाडताच चाक जड न होता तसेच सैल फिरत राहिले तर दोष दाबाचा, म्हणजे चिकटून उघड्या राहिलेल्या झडपेचा किंवा दट्ट्यावरील रिंगांचा. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरील वंगणाचा पापुद्रा खाली उतरून जातो आणि रिंगा सुक्या पडतात. अशा वेळी हवेच्या वाटेने थोडे वंगण सोडून चाक फिरवले की फटी भरतात आणि दाब परत येतो. उलट चाक जड होत असेल, परंतु धूरही निघत नसेल, तर तेल पोहोचतच नाही असे समजायचे. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत एखाद्या सैल जोडातून तेल हळूहळू मागे सरते आणि तेथे हवा भरते; पंप द्रवाला ढकलू शकतो, हवेला तो नुसता दाबून सोडतो. यालाच मिस्त्रींच्या बोलण्यात एअर धरणे म्हणतात, आणि फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत तेल वाहू देणे हा त्यावरचा उपाय आहे. पांढरा धूर निघत असेल तर तेल आत येते पण पेटत नाही, म्हणजे पुन्हा दाब किंवा फवारणीचे तोंड. बंद पडलेल्या इंजिनाच्या धुराड्यात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले निघाले, हेही वऱ्हाडात आश्चर्याचे नव्हते, आणि म्हणून उभ्या इंजिनाच्या नळीवर डबा पालथा घालून ठेवण्याची चाल योग्यच होती.

डिझेल इंजिन जड आणि महाग असल्यामुळे नंतर पेट्रोलवर चालू होऊन रॉकेलवर चालणारे हलके पंप आले, जे माणसाला उचलून नाल्याच्या काठी नेता येत. यांत ठिणगीचा प्लग असतो, आणि थंड इंजिनात रॉकेलची वाफ सहज होत नसल्यामुळे पेट्रोलने आरंभ करून इंजिन तापल्यावर कॉक रॉकेलकडे फिरवायचा असतो. बंद करण्यापूर्वी कॉक पुन्हा पेट्रोलकडे वळवून कार्बोरेटरमधील रॉकेल संपू द्यावे लागते, आणि हीच पायरी घाईत गाळली जाई; दुसऱ्या दिवशी कार्बोरेटरच्या कुंडीत रॉकेलच भरलेले असल्यामुळे इंजिन कितीही दोरी ओढली तरी लागत नसे. आदल्या संध्याकाळी इंजिन कसे बंद केले यावर ते सकाळी चालू होईल की नाही हे ठरते, हा या पंपांनी शिकवलेला धडा फार मोलाचा आहे.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील दशकांत विजेच्या मोटारी विहिरींवर पोहोचल्या. तेलाची इंजिने गोठ्यात गेली, ती भारनियमनाच्या काळात पुन्हा काढावी लागली, आणि या मधल्या दीर्घ विश्रांतीने त्यांचे चालू न होणे अधिकच वाढले. याच सुमारास संकरित कापसाबरोबर फवारणी वाढली. पाठीवरच्या पेट्रोल पंपांत वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. दिवाळीनंतर तसेच ठेवून दिलेल्या पंपातील पेट्रोल उडून जाते आणि कार्बोरेटरच्या छिद्रात उरते ते चिकट वंगण. कापसाच्या गावातील दुरुस्तीची दुकाने जूनच्या अखेरीस का भरतात याचे उत्तर बहुतांशी यात आहे.

गवत कापायच्या यंत्राचा उगम अकोटच्या परिचयाच्या धंद्यातच, म्हणजे कापडाच्या धंद्यात आहे. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउडजवळ लोकरीच्या कापडावरील लव कातरून ते गुळगुळीत करणारी, आडव्या रुळावर वळणदार पाती बसवलेली यंत्रे चालत. ती पाहून एडविन बडिंग याने तीच रचना हिरवळीवर चालवण्याची कल्पना काढली आणि १८३० मध्ये पेटंट घेतले. बडिंग पुढे त्याच परगण्यातील डर्सली गावी जॉर्ज लिस्टर यांच्याकडे लोकर पिंजण्याच्या यंत्रांवर काम करू लागला आणि १८४६ मध्ये तेथेच वारला. या जॉर्ज लिस्टर यांचे पुत्र रॉबर्ट ॲश्टन लिस्टर यांनी १८६७ मध्ये जो कारखाना काढला, त्याच कारखान्याची संथ गतीची डिझेल इंजिने १९३० च्या सुमारापासून जगभरच्या विहिरींवर गेली आणि त्यांच्या प्रतिकृती पुढे राजकोटच्या कारखान्यांत तयार होऊन भारतभर पसरल्या. हिरवळीचे यंत्र आणि विहिरीचे इंजिन यांचे हे एका गावातील नाते तंत्रज्ञानाच्या इतिहासात सहसा सांगितले जात नाही, आणि ते सांगितले जावे इतके ते महत्त्वाचे आहे. पेट्रोलवर चालणारे गवतयंत्र १९०२ मध्ये इंग्लंडच्या रॅन्सम्स कारखान्याने विक्रीस आणले. १९५० नंतर आडव्या फिरणाऱ्या एकाच पात्याची, ढकलून चालवायची हलकी यंत्रे सर्वसामान्य झाली.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हिरवळ ही कल्पना स्वाभाविकपणे परकी होती, कारण ज्या हरळीची हिरवळ करतात ती हरळी काळ्या जमिनीत कुंद्याच्या बरोबरीने हटवायचे तण आहे, आणि डवरणी व निंदणी यांचा निम्मा खटाटोप तिच्याविरुद्धच चालतो. तरीही १९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ आले, शाळा-महाविद्यालयांची आवारे वाढली, आणि विशेषतः मंगल कार्यालयांना जोडून मोकळी हिरवळ राखण्याची पद्धत विदर्भात इतकी रुजली की लग्नाच्या जागेला सरळ लॉन असेच म्हणू लागले. या हिरवळींमुळे ढकलायची गवतयंत्रे तालुक्याच्या गावापर्यंत आली, आणि तीही हंगामाच्या स्वाधीन झाली. मैदानावरचे गवत पावसाळ्यात वाढते आणि दिवाळीनंतर वाळते, म्हणून तेथील यंत्र पारा ४५ अंशांवर जाणारा उन्हाळा टाकीतील पेट्रोलसह काढते; लग्नाच्या हिरवळीवरचे यंत्र चातुर्मासात दुर्लक्षित राहून तुळशीच्या लग्नाच्या सुमारास बाहेर निघते.

अशा यंत्राच्या तपासणीचा क्रम जुन्या इंजिनांच्या क्रमापासून फारसा वेगळा नाही. दोरी ओढलीच जात नसेल तर ओल्या गवताचा वाळलेला लगदा पात्याभोवती अडकला आहे काय ते पाहावे, परंतु हात घालण्यापूर्वी प्लगची वायर काढून ठेवावी, कारण पाते फिरवताना इंजिनही फिरते आणि अवचित पेटू शकते. यंत्र आडवे करताना हवेचा फिल्टर वरच्या बाजूला राहील असे पाहावे. अन्यथा वंगण फिल्टरमध्ये उतरून नवाच दोष निर्माण होतो. दोरी मोकळी असेल तर मूठ दाबून धरली आहे का, कॉक उघडा आहे का, या साध्या गोष्टी आधी पाहाव्यात, कारण मूठ सुटली असेल तर बहुतेक यंत्रांत ठिणगी मुद्दाम बंद केलेली असते. त्यानंतर प्लग काढावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते पण पेटत नाही. या एका निरीक्षणाने अर्धे काम होते, आणि अनुभवी कारागीर प्लग हातात घेतल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावत नाही हे सर्वस्वी उचित आहे.

प्लग कोरडा निघाला तर दोष बहुधा कार्बोरेटरमध्ये असतो. पेट्रोलचा हलका भाग उन्हाळ्यात उडून जातो, उरलेला हवेशी संयोग पावून राळेसारखा होतो आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रात बसतो; जुने पेट्रोल टाकून, कुंडी उघडून, ते छिद्र फुंकून साफ करावे लागते, तारेने कोरून ते मोठे करणे मात्र चूक आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे या अडचणीत भर पडली आहे, कारण इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा प्रमाणाबाहेर गेला की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात, नेमके जेथून कार्बोरेटर तेल घेतो तेथे. प्लग ओला असेल तर तो पुसून, वायरला जोडून, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून, सांडलेल्या पेट्रोलपासून दूर अंतरावर ठिणगी पाहावी. ठिणगी निळी आणि ठळक असूनही इंजिन लागत नसेल, आणि त्याआधी पाते दगडावर आपटलेले असेल, तर चाक व दांडा यांना जोडणारी मऊ धातूची चावी कापली गेलेली असते. ठिणगी पडते, पण चुकीच्या क्षणी पडते. पाते सैल असले तरी असाच त्रास होतो. काळ्या मातीची बारीक धूळ फिल्टरमध्ये बसून हवा अडवते, हे कारण वऱ्हाडात इतके नित्याचे आहे की फिल्टर झटकणे हे तपासणीच्या आरंभीच उरकून घ्यावे.

या सर्व ज्ञानाचा फार थोडा भाग मराठीत छापला गेला आहे. जे आहे ते उस्तादाकडून हाताखालच्या मुलाकडे गेले, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील अभ्यासक्रमात त्यातील तत्त्वे आली तरी खारे पाणी, काळी धूळ, कुंभारीण माशी आणि चातुर्मास यांचे स्थान तेथे नाही. वऱ्हाडने मात्र देखभालीसाठी एक दिवस फार पूर्वीच नेमून ठेवला आहे. आश्विनातील खंडेनवमीला अवजारे आणि यंत्रे धुऊन पुसून पूजली जातात, आणि जिनांच्या तसेच विहिरीवरच्या इंजिनांच्या बाबतीत ही वेळ त्यांच्या हंगामाच्या अगदी तोंडाशी येत असल्यामुळे पूजेबरोबर वार्षिक तपासणीही होऊन जाई. मैदानावरच्या गवतयंत्रासाठी तोच दिवस हंगामाच्या शेवटी येतो, आणि म्हणून त्याला फुले वाहण्यापूर्वी टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे, कार्बोरेटरमध्ये उरलेले संपेपर्यंत यंत्र चालू ठेवावे, प्लगच्या छिद्रात चमचाभर वंगण सोडून दोरी दोनदा सावकाश ओढावी आणि प्लग परत बसवावा. लग्नाच्या हिरवळीवरचे यंत्र ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी हेच काम आषाढी एकादशीपूर्वी उरकावे.